चौथ्या कॅमेऱ्यातलं तवसं

शांताने फक्त ‘असेलही’ म्हटलं होतं.

पंचमीची सकाळ होती. सव्वासातच्या सुमारास तिने मखरासमोरच्या समईत तेल घातलं आणि मागे वळली, तर साईशने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. अकरा सेकंदांचं काळं-पांढरं चित्र होतं. डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस त्यांच्याच परसातल्या मांडवाखाली वाकतो, काहीतरी पिशवीत टाकतो आणि कुंपण ओलांडून जातो. जाताना क्षणभर त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं होतं. ते स्वप्नीलचं होतं, शेजारच्या नारायण आणि कमलच्या मुलाचं. कोपऱ्यात आदल्या दिवसाची तारीख आणि वेळ होती, रात्री आठ बावन्न.

“काकी, नीट बघ. जूनमध्ये गाडीवर मागे बसलेला तो असाच होता ना गो, अंगाने?”

मागे बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. शांताला आठवत होता तो फक्त त्याचा हात, आणि मंगळसूत्र तुटताना मानेला बसलेला काच. “असेलही,” ती म्हणाली आणि नेवऱ्या तळणीतून काढायला आत गेली.

सात बावीसला साईशने ते चित्र ‘खालचावाडा परिवार’ या वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘चोर कॅमेऱ्यात सापडला. काकींनी ओळखला.’

शांताचा मुलगा गौरेश उठला नऊ वाजता. आदल्या संध्याकाळी तो घुमट, आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य, घेऊन वाड्यावरच्या अकरा घरांत आरत्यांना गेला होता आणि त्याचा आवाज बसला होता. उठल्या उठल्या त्याने मोबाईल पाहिला आणि तसाच पुढच्या खोलीत आला.

“हे कोणी टाकलं?”

“मी टाकलं,” साईश म्हणाला. तो शांताच्या थोरल्या दिरांचा मुलगा. दीर गेल्यापासून तो आणि त्याची आई भाग्यलक्ष्मी पर्वरीला फ्लॅटमध्ये राहत, आणि चवथीचे पाच दिवस मूळ घरी येत. “वाड्याला कळायला नको?”

“अरे, स्वप्नील तो! काल पाच घरं माझ्याबरोबर घुमट वाजवत होता.”

“मग सहाव्या घरी कुठे गेला? विचारलंस?”

गौरेशने विचारलं नव्हतं. पाच घरं झाल्यावर स्वप्नील ‘जरा येतो’ म्हणून गेला होता, हे त्याला आता आठवलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. साईशने ते टिपलं.

“बघ. जूनमध्ये काकीचं मंगळसूत्र. पंधरा दिवसांनी खालच्या शेतातला पंप. श्रावणात देवळातली घंटा. तीन चोऱ्या झाल्या आणि बाहेरच्या कोणाला वाड्यावरच्या वाटा माहीत नाहीत. मग कॅमेरे मी कशाला लावले? शोभेला?”

चार कॅमेरे साईशनेच जुलैत आणून लावले होते. दोन दर्शनी, एक परसात, एक कमलच्या बाजूच्या कुंपणावर. तेव्हापासून पर्वरीहून दिवसातून एकदा तरी त्याचा फोन येई. काकी, मागचं दार उघडं राहिलंय. काकी, पायरीवर कोण बसलंय? शांताला तो पोटच्या पोरासारखा प्रिय होता, तरी हल्ली ती परसात जाताना पदर सारखा करून जाऊ लागली होती.

“बरोबरच आहे त्याचं,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती मखराखाली बसून फुलांच्या पाकळ्या निवडत होती. “आपल्या माणसावर हात टाकला तर गप्प बसायचं? शांता म्हणते ना, ओळखला?”

“मी असेलही म्हटलं, वहिनी.”

“तेच ते.”

तेच नव्हतं. नवरा काही बोलेल म्हणून शांताने पाहिलं. गोकुळदास, निवृत्त पोस्टमास्तर आणि देवस्थान समितीचे उपाध्यक्ष, वर्तमानपत्र वाचत बसले होते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात वर्तमानपत्र येत नाही. ते कालचं होतं.

साडेनऊला वाड्यावरच्या पंचाचा फोन आला. गौरेशने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पंचाने ते चित्र पोलिसांच्या ग्रुपवर पाठवलं होतं. संध्याकाळी हवालदार चौकशीला येणार होता. “आणि गौरेश,” पंच म्हणाला, “तो पोरगा अग्निशमन दलात लागणार होता ना? पडताळणीचा कागद याच चौकीवर आहे. कठीण झालं हां त्याचं.”

फोन बंद झाल्यावर मखरावरच्या दिव्यांची माळ तेवढी लुकलुकत राहिली.

“मला काय माहीत, पडताळणी आणि काय काय,” साईश म्हणाला. या वेळी आवाज खाली आला होता.

शांता उठून स्वयंपाकघरात गेली. काम खूप होतं आणि कामात हात असला की तिचं डोकं चालायचं. खतखत्याच्या भाज्या चिरून झाल्या, नारळ वाटून झाला. मग तवशाची कोशिंबीर करायला तिने कोपऱ्यातल्या टोपलीत हात घातला. तवसं म्हणजे पावसाळी काकडी. परसातल्या मांडवावरची पाच तिने परवा काढली होती. दोन माटोळीला, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला बांधली होती, तीन टोपलीत होती.

टोपलीत चार होती.

चौथं इतरांसारखं लांब आणि हिरवट नव्हतं. ते जाड, तांबूस तपकिरी, अंगभर जाळी पडलेलं होतं. पिकून गेलेलं. असं तवसं कोणी खायला काढत नाही. ते बियाण्यासाठी वेलावर राखतात. शांताचं बियाण्याचं तवसं अजून वेलावरच होतं. सकाळी दुर्वा काढताना तिने ते पाहिलं होतं. मग हे कोणाच्या वेलावरचं, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. एवढं जाड तवसं सगळ्या वाड्यावर एकाच वेलाला लागतं, आणि तो वेल कमलचा.

ती तवसं हातात घेऊन तशीच उभी राहिली. काल चवथ होती. चवथीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. आणि पाहिलाच, तर त्याच रात्री शेजाऱ्याच्या परसातलं काहीतरी चोरायचं, सकाळी शेजाऱ्याच्या चार शिव्या खायच्या, म्हणजे आळ तिथेच फिटतो. तिच्या माहेरी, नार्व्याला, तिचे काका दरवर्षी कोणाची तरी दोडकी पळवत. इथे ते चालतं हे ती विसरूनच गेली होती.

“अहो,” तिने हाक मारली. “जरा आत या.”

गोकुळदास आत आले. तिच्या हातातलं तवसं पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“हे कोणी आणलं?”

“हळू बोल.”

“कोणी आणलं म्हणते मी?”

“स्वप्नील घुमटाची दोरी न्यायला आला होता,” ते म्हणाले. “आम्ही दोघं पुढच्या खळ्यात, अंगणात उभे होतो. पाऊस येतो की काय बघायला मी मान वर केली. ढग फाटला, आणि चंद्र समोर. त्यानेही बघितला. तो हसायला लागला. म्हटलं, हसू नको, चल, तू माझ्याकडचं चोर, मी तुझ्याकडचं चोरतो.”

“तुम्ही सांगितलंत त्याला.”

“मीच.”

“आणि सकाळपासून तुम्ही कालचा पेपर वाचताय!”

गोकुळदासांनी चष्मा काढला. “साईशने टाकलं तेव्हा मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तोवर चाळीस जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मीच चोऱ्यांबद्दल पोलिसांना पत्र लिहिलंय शांता, समितीच्या शिक्क्याने. आता मीच सांगू, की उपाध्यक्ष कुंपणावरून उडी मारून काकडी चोरत होता? म्हटलं दोन दिवसांत विसरतील.”

“त्याचा कागद चौकीवर आहे. ते विसरतील?”

ते चष्म्याच्या काचा पुसू लागले. एरवी ती तिथे थांबली असती. आज तिने दार उघडलं.

“गौरेश, कुंपणावरचा कॅमेरा टीव्हीवर लाव. चार नंबरचा.”

“त्याची सूचना मी बंद ठेवलीय आई, कमलमावशीच्या कोंबड्या सारख्या...”

“सूचना बंद असेल. कॅमेरा चालू आहे ना?”

कॅमेरा चालू होता. टीव्हीवर आठ पन्नासचं परस आलं. एका मिनिटाने चित्राच्या डाव्या बाजूने बनियन आणि पंचा घातलेली एक स्थूल व्यक्ती आली. तिने कुंपणावर एक पाय टाकला, पंचा अडकला, तो सोडवला, दुसरा पाय टाकला आणि पलीकडे धप्पकन उतरली. मग कमलच्या वेलाशी चाचपडणं. मग परत कुंपण. या वेळी काखेत तवसं होतं, आणि कुंपणावर बसून त्या व्यक्तीने एकदा आजूबाजूला पाहिलं, थेट कॅमेऱ्यात.

“बाबा!” गौरेश म्हणाला. बसलेला आवाज त्याचा पूर्णच गेला.

भाग्यलक्ष्मीच्या हातातल्या पाकळ्या मांडीवर सांडल्या. ती हसायला लागली ती थांबेचना. साईशलाही हसू फुटलं. मग एकदम सगळ्यांचंच आटोपलं, कारण शांता हसत नव्हती.

“भाऊजी,” भाग्यलक्ष्मी डोळे पुसत म्हणाली, “चंद्र दोघांनी बघितलात, आणि आळ आला एकट्या त्याच्यावर.”

“मी मेसेज काढून टाकतो,” साईश म्हणाला.

“किती जणांनी बघितलाय?”

त्याने पाहिलं. “एकशे त्रेसष्ट.”

“मग काढून काय उपयोग?” गौरेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. “उलट लोक म्हणतील, मांडवली झाली.”

“मी लिहितो ना, गैरसमजातून झालं म्हणून. सभ्य भाषेत.”

“तू नको लिहूस.” हे भाग्यलक्ष्मी म्हणाली, आणि साईशने चमकून आईकडे पाहिलं. “तुझं लिहिणं सकाळी झालं. जा, काकीबरोबर जा आणि त्या बाईच्या पाया पड.”

“आई, मी वाड्यासाठीच...”

“वाड्यासाठीच केलंस. पण वाड्यावर त्यांचंही घर आहे रे.”

शांताने तवसं पदराखाली घेतलं. “तो मागून येऊ दे. आधी मी जाते. शब्द माझा होता.”

कमलचं घर हाकेच्या अंतरावर, डांबरी रस्त्याच्या वळणाला लागून. नारायण दोडामार्गहून खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला, त्याला पंचवीस वर्षं झाली. खाणी थांबल्या, ट्रक विकले गेले, नारायण साखळीला एका दुकानाची गाडी चालवू लागला. वाड्यावर त्यांचा उल्लेख अजून ‘ते दोडामार्गचे’ असाच होई, आणि शांताही तसाच करी.

कमल दारात उभी होती. डोळे सुजलेले, केस बांधायचे राहिलेले. तिने शांताच्या हातात काय आहे ते पाहिलं.

“कापलास नाय मां तां?”

“नाही गो.”

“बियाणाचां होतां. मास्तरांका काळोखात काय दिसता!” तिने तवसं घेतलं, बोटाने दाबून पाहिलं आणि आत ओट्यावर ठेवून आली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. स्वप्नीलने सांगितलं होतं. फक्त तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. “सकाळी उठान वेलाकडे गेलंय. तवसां नाय. म्हटलां आता मास्तरांका बऱ्यापैकी शिये घालतंय. तोंड उघडलंय, इतक्यात ह्यो मोबाईल वाजलो.”

“कमल, माझं चुकलं.”

“तुमी वळाखलास म्हणान लिवलेलां आसा. तुमी, वयनी. दुसऱ्या कोणी लिवला असता तर माका काय वाटला नसता.” तिने आत चुलीकडे हात केला. “माझो झील सकाळपासना जेवाक नाय. पंचमीचो दिवस आणि चुलीर भात तसोच आसा.”

शांताला बसायला कोणी सांगितलं नाही, पण ती पायरीवर बसली. कारण सांगावं असं तिला वाटलं, हेल्मेट, हात, मानेवरचा काच. मग वाटलं, ती सगळी आपली कारणं. कमलला त्याचा काय उपयोग?

“मी घाबरले होते,” ती एवढंच म्हणाली. “घाबरलेल्या माणसाला कोणीही चोर दिसतो.”

कमलही पायरीवर टेकली, जरा अंतर ठेवून. “ता माका ठावक आसा. जूनपासना तुमी एकट्या फाटकाभायर पडाक नाय. देवळात मास्तरांबरोबर, दुकानात गौरेशबरोबर. माका दिसता. माझ्याकडे कॅमेरो नाय, तरी दिसता.”

आतून स्वप्नील आला. पंचवीस-सव्वीसचा, शिडशिडीत. त्याने शांताकडे पाहिलं नाही.

“एक विचारू काकी? ते कॅमेरे चोराला बघायला लावलेत की आम्हाला?”

“चोराला रे.”

“मग चारातला एक तरी रस्त्याकडे असता. दोन तुमच्या खळ्यात, एक परसात, एक आमच्या न्हाणीवर. चोर परसातून आला होता का? मोटारसायकलवरून आला, डांबरी रस्त्याने. या वळणावर गाडी हळू करावीच लागते. इथे लावला तर नंबरही मिळेल आणि तोंडही. खाली एक पाटी लावायची, कॅमेरा आहे म्हणून. अर्धे चोर पाटी वाचूनच परततील. हे मी जुलैत साईशदादाला सांगितलं होतं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, बघू.”

साईश तोवर फाटकाशी येऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो पुढे आला, वाकला, आणि कमलने त्याला मध्येच दंडाला धरून उभं केलं. “पाया नको पडा. माका काय होया ता ऐका. लिवन नको. लिवलेलां कोणय पुसता. वयनी, तुमच्या तोंडान सांगा, सगळ्यांका आयकाक येवंदे.”

शांताने आयुष्यात ग्रुपवर आवाज पाठवला नव्हता. साईशने बटण दाबून धरलं आणि मोबाईल तिच्या तोंडाजवळ नेला.

“मी शांता बोलते,” ती म्हणाली. “गोकुळदासांच्या घरची. सकाळी माझ्या नावाने लिहिलं ते खोटं आहे. मी स्वप्नीलला ओळखला नाही. माझं मंगळसूत्र कोणी नेलं ते मला माहीत नाही. स्वप्नीलने काल चवथीचं तवसं चोरलं, आमच्या घरच्यांच्या सांगण्यावरून. आमच्या घरच्यांनी कमलचं चोरलं. ते चित्रही गौरेश टाकतोय, सगळ्यांनी बघा. चूक माझी झाली. स्वप्नीलचा कागद चौकीवर आहे, पंचांनी हेही पोलिसांना पाठवावं. आणि हवालदारांनी संध्याकाळी यावं. जूनच्या चोरीचं मला सांगायचंच आहे.”

गोकुळदासांचं चित्र अकरा पाचला गेलं. मग हसण्याचा पूर आला. देवस्थान समितीच्या अध्यक्षांनी लिहिलं, ‘मास्तर, पुढच्या वर्षी शिडी देतो.’ पंचाने फोन करून सांगितलं की आवाज पुढे पाठवला आहे, आणि उद्या तो स्वतः चौकीवर जाईल. सकाळी हात जोडणाऱ्या चाळिसांपैकी कितीतरी जण मात्र गप्पच राहिले. स्वप्नील ती नावं वाचत होता. शांताने त्याला ‘पुरे’ म्हटलं नाही. वाचायचा हक्क त्याचा होता.

जेवणं झाल्यावर दुपारी तीनला गौरेश शिडी घेऊन आला. कुंपणावरचा कॅमेरा काढून कमलच्या पुढच्या भिंतीवर, रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून लावायचा असं ठरलं. स्वप्नील शिडीवर चढला, गौरेशने खालून धरली. साईश पायरीवर बसून कमलच्या मोबाईलवर त्याचं चित्र चालू करून देत होता.

“तुझ्या मोबाईलवरून हा कॅमेरा काढ,” शांता त्याला म्हणाली.

“का गो काकी?”

“चोर आला तर पर्वरीहून तू किती वेळात पोचशील?”

“गर्दी नसली तर पाऊण तास.”

“कमल दोन मिनिटांत पोचते.”

साईशने मान खाली घालून काढला. मग स्वतःच म्हणाला, “वाड्यावरच्या आणखी दोघांना दिला तर? वरच्या बाजूच्या घरांना? कोणी ना कोणी घरी असतंच.”

“आता बोललास,” स्वप्नील वरून म्हणाला. सकाळपासून तो साईशशी बोललेला हा पहिला शब्द होता. “कोणीतरी रस्त्यावरून चालून दाखवा. तोंड दिसतं का बघू.”

गौरेशने शिडी धरली होती. साईश चप्पल शोधू लागला. शांता उठली आणि फाटकाबाहेर पडली.

डांबर उन्हाने तापलं होतं. मागून कमलचा आवाज आला, “वयनी, पदर मागे घेवा, तोंड दिसणा नाय!” तिने पदर मागे घेतला. गळ्यात नवीन काळी पोत होती, बारीक. “आता दिसता! बेस दिसता!” वळण आलं. समोरून एक मोटारसायकल आली, हळू झाली, गेली. शांता रस्त्याच्या कडेला थांबली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चालू लागली.

“बास आई, ये परत,” गौरेशने हाक मारली.

“देवळापर्यंत जाऊन येते,” ती न वळता म्हणाली. “संध्याकाळच्या आरतीला दुर्वा कमी आहेत.”

मोबाईलवरच्या चित्रात ती लहान होत गेली आणि कडेला नाहीशी झाली. कमलने मोबाईल पायरीवर ठेवला, रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि डोळ्यांवर हात धरून वळणापलीकडे बघत राहिली.